टिचबटणाचे दात

त्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी एक न बोलणारा माणूस दिसायचा आणि मग एक न थांबणारी बाई ऐकू यायची. सोफे, खुर्च्या, बाकं मढवून देण्याचं हे दुकान नवराबायकोचं. पुढच्या भागात नवरा लाकडाशी झटायचा, मागच्या भागात बायको शिवणयंत्रावर बसायची, आणि मधे एक पडदा होता, जो दोघांपैकी कोणीही कधी ओढला नव्हता. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तेच घर. नवऱ्याला सगळी गल्ली मौनीबाबा म्हणायची. त्यात अध्यात्माचा काही संबंध नव्हता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ज्याच्या तोंडात मूठभर बारके खिळे असतात, तो बोलणार तरी कसा?

आता खिळे तोंडात कशाला, असं कोणी विचारील. तर डावा हात कापड ताणून धरण्यात गुंतलेला, उजव्या हातात हातोडी, मग खिळे पुरवायचे कोणी? जिभेनं एक खिळा अलगद पुढे सरकवायचा, त्याचं डोकं ओठांबाहेर काढायचं, हातोडीच्या चुंबकी टोकानं ते टिपायचं आणि ठक. तोवर पुढचा खिळा ओठांशी हजर. मौनीबाबांचा हात इतका बसलेला होता की रस्त्यानं जाणारी माणसं घटकाभर थांबून बघायची. कोणी विचारलं, "शनिवारपर्यंत होईल का हो?" की ते "हूं" म्हणायचे. हा हूं होकाराचा की नकाराचा, हे पडद्याआडून बायकोला बरोबर कळायचं. "होईल, पण रविवारी सकाळी न्या, आणि येताना त्या खुर्चीचा तुटलेला हातही घेऊन या!" असं उत्तर मागून यायचं. या बाईंना लोक कव्हरकाकू म्हणायचे, कारण त्या सोफ्यांची सुटी कव्हरं शिवायच्या. काढा, धुवा, वाळवा, पुन्हा चढवा, कडेला टिचबटणं लावलेली, टच्‌कन बसणारी.

मौनीबाबांचं या कव्हरांबद्दल एक ठाम मत होतं आणि खिळे तोंडातून काढून ते सांगण्याची संधी त्यांनी कधी सोडली नाही. खरं काम म्हणजे ठोकलेलं काम. कापड एकदा ताणून ठोकलं की लाकडाशी एकजीव झालं पाहिजे, सुरकुती शोधून सापडता कामा नये. टिचबटणाचं काम म्हणजे तात्पुरतं, पाहुणे येणार म्हणून तोंड झाकायचं काम. हे ते बायकोच्या देखत बोलायचे, गिऱ्हाइकाच्या देखत बोलायचे, आणि त्यांना वाटायचं की आपण कापडाविषयी बोलतोय. काकू मशीनचं पायडल जरा जोरात मारायच्या, एवढंच.

एवढी वर्षं खिळ्यांचा डबा बनून राहिलेल्या तोंडानं शेवटी दगा दिला. आधी पुढच्या दातांना खाचा पडल्या, मग हिरड्या सुजायला लागल्या, मग एकेक दात हलायला लागला. मौनीबाबांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि दातांनी मौनीबाबांना सोडलं. उरलेसुरले काढून टाकून वर-खाली पूर्ण कवळी बसवली त्याला आता चार वर्षं झाली होती. वरची टाळूला चिकटून कशीबशी राहायची. खालची मात्र तोंडात नुसती हिंडायची. पोळीचा तुकडा तोडला की ती उजवीकडे, शिंक आली की पुढे. एकदा जुन्या सवयीनं त्यांनी खिळे तोंडात टाकले, तर एक खिळा कवळीच्या खाली जाऊन बसला आणि हिरडीत घुसला. त्या दिवसापासून खिळे वाटीत आले. काम निम्म्यानं मंदावलं, आणि तोंड रिकामं असूनही मौनीबाबा बोलेनात. बोलताना कवळी सुटली तर काय, हे भय. हसायचे तेही ओठ मिटून, पोट हलवून.

लेक दुसऱ्या शहरात नांदत होती. ती सुटीला आली, वडिलांना भाताचे मऊ घास पाण्याबरोबर गिळताना तिनं पाहिलं आणि ती त्यांच्या मागेच लागली. जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवतात, त्यावर सगळे दात, तिच्या सासूबाईंच्या बहिणीनं केलंय, आता कणीस खातात. खर्चाचं ती आणि जावई बघणार होते, आणि तो विषय कोणी काढायचा नाही अशी तिनं तंबीच दिली होती. दातांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवून मगच ती गाडीत बसली.

डॉक्टर निघाल्या लेकीच्याच वयाच्या. त्यांनी जबड्याचे फोटो काढले, पडद्यावर हाड दाखवलं आणि मग टेबलावर जबड्याचे दोन नमुने ठेवले.

"काका, दोन्ही प्रकारांत हाडात स्क्रू बसवायचेच आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फरक आहे तो त्यावरच्या दातांचा. हा पहिला बघा. खाली दोन स्क्रू, वर चार. त्यांच्यावर ही गोल बोंडं, आणि दातांच्या आतल्या बाजूला त्या मापाच्या खोलगट वाट्या. दाबलं की बसतं, ओढलं की निघतं. जेवताना, बोलताना हलणार नाही. वरचं टाळूवरचं झाकणही जाईल, म्हणजे चव नीट लागेल. रात्री मात्र काढून, घासून पाण्यात ठेवायचे. आतली रबरं वर्षा-दोन वर्षांनी मी बदलून देईन."

"म्हणजे टिचबटण," काकू म्हणाल्या.

"अगदी तेच, काकू. आणि हा दुसरा. वर-खाली चार ते सहा स्क्रू, आणि दातांची अख्खी रांग त्यांच्यावर आवळून टाकायची. तुम्हाला काढता येणार नाही. काढलीच तर मी काढणार."

मौनीबाबांनी तो दुसरा नमुना हातात घेतला. बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, उलटा करून खालची बाजू पाहिली, दोन्ही हातांत धरून हिसका देऊन पाहिला. सोफा विकत घेण्याआधी तो कसा बघावा, हे ते गिऱ्हाइकांना असंच दाखवायचे. मग पहिला नमुना उचलला आणि टच्, टच्, टच् करत तो इतक्या वेळा काढला-घातला की डॉक्टरबाईंनी हसत तो काढून घेतला.

"ठोकलेले द्या," मौनीबाबा म्हणाले.

"आवळलेले," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तेच ते."

"त्यातही दोन तऱ्हा आहेत. धातूच्या पट्टीवर बसवलेले प्लास्टिकसारखे दात घेतले तर ते झिजतात, पण एखादा तुटला तर दुरुस्त होतो. झिर्कोनियाचे, म्हणजे चिनीमातीसारखे कडक, घेतले तर डाग नाही, झीज नाही, पण तडा गेला तर सगळी रांग नवी करावी लागते. ते नंतर ठरवू. आधी एक ऐका. ही रांग आणि हिरडी यांच्यामध्ये फट राहते. तिथे अन्न जातं. रोज रात्री जाड दोरा त्या फटीतून ओवून फिरवायचा, पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायचं. टाळाटाळ केली तर हिरडी सुजते, हाड खंगतं आणि स्क्रू ढिले होतात. तुमचं वरचं हाड आधीच बेताचं आहे. दोन्ही होऊ शकतं, पण दुसऱ्याला निगा फार लागेल."

"यांना हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही," काकूंनी सांगून टाकलं. "बोटं बघा कशी वाकडी झालीत. मीच ओवून देते."

मौनीबाबांनी बायकोकडे असं पाहिलं की शब्दांची गरज पडू नये. डॉक्टरबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "घाई नाही. घरी जा, बोला, ठरवा. आणि काका, तुमचे पहिले दात कशानं गेले ते काकूंनी सांगितलंय मला. यापुढे तोंडात खिळे नाहीत. कुठलेही दात बसवले तरी नाहीत."

घरी जाताना रस्ताभर मौनीबाबा बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. कवळी एका हातानं सावरत ते म्हणाले, "मला नकोत ते टिचबटणाचे. काढता-घालता येतं ते काय काम असतं होय? लेक एवढं करतेय तर धड काहीतरी बसवू दे."

"धड म्हणजे?"

"म्हणजे पक्कं. जन्मभर सोफे ठोकले मी, आणि तोंडात काय बसवू, कव्हर?"

काकू पुढे चालू लागल्या. चौक आला, सिग्नल सुटला, भाजीवाल्यापाशी त्या थांबल्या, टोमॅटो निवडले आणि भावही न करता पिशवीत टाकले. मौनीबाबांना वाटलं, चला, पटलं वाटतं हिला. नवऱ्याच्या जातीला बायकोचं गप्प बसणं नेहमी पटल्यासारखं का वाटतं, देव जाणे.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मौनीबाबांना पक्की ठाऊक होती. पक्कं काम, कच्चं काम, ही सगळी बाहेर सांगायची कारणं. दात काढले त्या आठवड्यात, कवळी यायच्या आधी, त्यांनी एकदा आरशात पाहिलं होतं. गाल आत गेलेले, ओठ गिळल्यासारखे, नाक खाली आणि हनुवटी वर आलेली. आरशातला तो म्हातारा त्यांना ओळखीचा वाटेना. तोवर गल्लीतला देखणा कारागीर म्हणून त्यांचा लौकिक होता, निदान त्यांच्या मते होता. तेव्हाच त्यांनी ठरवलं की हे तोंड कोणाला दिसू द्यायचं नाही, आणि बायकोला तर मुळीच नाही. ते आठ दिवस ते तोंडावर रुमाल धरून वावरले. कवळी आल्यावर ती न्हाणीघराची कडी लावून धुवायचे. त्या वेळच्या डॉक्टरनं रात्री काढून ठेवायला सांगितली होती, तरी ती घालूनच झोपायचे. हिरड्या दुखायच्या, दुखू देत. आणि आता ही डॉक्टर पोरगी सांगत होती की रोज रात्री दात काढून पाण्यात ठेवा. म्हणजे रोज रात्री ते तोंड उघडं पडणार, शेजारच्या उशीवरून दिसेल असं. मौनीबाबांना ते काही केल्या नको होतं. ठोकलेले दात घेतले की हा प्रश्नच मिटत होता.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलातून बोलावणं आलं. हॉटेलच्या भिंतीलगत एक लांबलचक बाक होतं, तपकिरी रेक्झिनचं, कडेनं दोरीचा गोट दिलेलं, आणि त्याखाली पितळी डोक्याच्या खिळ्यांची एक रांग, पट्टी लावून आखल्यासारखी. हे बाक मौनीबाबांनी दात शाबूत असताना मढवलं होतं. त्यांच्या हातचं सगळ्यांत देखणं काम. कोणी चोखंदळ गिऱ्हाईक आलं की ते त्याला मुद्दाम या हॉटेलात चहाला न्यायचे आणि त्याच बाकावर बसवायचे. आता बसायचा भाग खाली गेला होता आणि हॉटेलवाल्याच्या मते कुठूनसा वास येत होता.

"वास कसा येईल? रोज पुसतो हो मी," हॉटेलवाला म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं."

खोटं नव्हतं. वरचं रेक्झिन अजून चकाकत होतं. मौनीबाबांनी गुडघ्यावर बसून खिळे उपसायला सुरुवात केली. स्वतःचेच खिळे, एकेक इतका घट्ट की त्यांना मनातून कौतुक वाटत होतं. टोकाकडचं रेक्झिन सुटलं, त्यांनी ते वर उचललं आणि तोंड मागे घेतलं.

आत पावाचा चुरा होता, वर्षानुवर्षांचा, काळा पडलेला. सांडलेला चहा गोटाच्या भोकांतून झिरपत जाऊन कापसाचा गोळा झाला होता. दात कोरायच्या काड्या होत्या, एक चमचा होता, केसांचा आकडा होता. बाजूच्या लाकडी चौकटीवर त्यांनी पेचकस टेकवला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. खिळा न् खिळा जागेवर होता. ज्या लाकडात ते खिळे बसवले होते तेच सडलं होतं.

हॉटेलवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अरे बापरे! हे कधी झालं?"

"रोज," मौनीबाबा म्हणाले. "थोडं थोडं."

ते तिथेच टाचांवर बसून राहिले. नको म्हटलं तरी डॉक्टरबाईंचे शब्द एकापाठोपाठ एक डोक्यात यायला लागले. फट राहते. अन्न जातं. हाड खंगतं. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. पेरं फुगलेली, अंगठा नीट मिटत नाही. या बोटांनी रोज रात्री दाढांच्या मागे दोरा ओवून घेणार कोण? पहिला आठवडा जमेल, उत्साहात. मग आज दमलोय, उद्या बघू. मौनीबाबा स्वतःला चांगलं ओळखून होते. ज्या माणसानं खरे दात घासायचा कंटाळा केला, तो खोट्यांच्या खालची फट साफ करील, यावर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसेना. जन्मभर त्यांनी पक्कं आणि कच्चं एवढंच पाहिलं होतं. आतून धुता येतं की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, कारण मढवून दिलं की सोफा गिऱ्हाइकाचा.

"मग पुन्हा तसंच करायचं ना?" हॉटेलवाल्यानं विचारलं. "तसंच्या तसं?"

मौनीबाबांनी पेचकस खाली ठेवला. "नाही," ते म्हणाले. "चौकट नवी करतो. वर सुट्या गाद्या ठेवू आणि त्यांना कव्हरं. दर आठवड्याला काढा, धुवा. बायको शिवून देईल."

दुकानात परतले तेव्हा काकू पडद्यामागे टिचबटणं लावत होत्या. त्यासाठी त्यांच्याकडे हातानं दाबायचं एक छोटं यंत्र होतं. खाली वाटी, वर बोंड, मधे कापड, आणि दांडा दाबला की काम झालं. दवाखान्यातून आल्यापासून त्या कामापुरतंच बोलत होत्या, आणि मौनीबाबांच्या आता कुठे लक्षात यायला लागलं होतं की ही शांतता काही समजूत पटल्याची नव्हे.

"हॉटेलच्या बाकाला सुटी कव्हरं हवीत," ते म्हणाले.

"मागितली वाटतं त्यानं."

"मी सांगितलं त्याला."

दांडा अर्ध्यावर थांबला. काकूंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही? बरं नाही का वाटत?"

मौनीबाबांनी बाकाच्या पोटात काय निघालं ते सगळं सांगितलं. लाकडात पेचकस गेला तेही सांगितलं. त्यांना इतकं सलग बोलताना काकूंनी फार दिवसांनी ऐकलं. "तुझं काम तात्पुरतं म्हणायचो मी," शेवटी ते म्हणाले. "चुकलं माझं. माझंच बाक कुजलं. तुझी कव्हरं बघ, धुऊन धुऊन रंग उडतो, पण आत घाण राहत नाही."

काकूंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांना त्याचाच राग आला. "एवढी वर्षं लागली होय ते म्हणायला?" त्या म्हणाल्या. "असो. मग दातही तसलेच बसवा. माझंही तेच म्हणणं होतं, पण म्हटलं, मी बोलले तर म्हणाल कव्हरवालीला कव्हरच दिसणार."

"ते नको."

"आता का? आत्ता तर म्हणालात ना!"

"रात्री काढावे लागतात."

"मग?"

मौनीबाबा पडद्याशी चाळा करत राहिले. "तू बघशील."

"काय बघीन?"

"माझं तोंड. बिनदातांचं."

काकूंनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मौनीबाबांना वाटलं, आता ही हसणार. पण त्या हसल्या नाहीत. "अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं ते तोंड मी रोज बघते."

"कुठे? कधी?"

"रोज रात्री. तुम्ही घोरायला लागलात की तुमची खालची कवळी सुटते. पहिल्यांदा सुटली तेव्हा पार घशापाशी गेली होती. तुम्ही ठसकलात, खोकलात, कूस बदललीत आणि पुन्हा झोपलात. माझी मात्र पाचावर धारण बसली. तेव्हापासून ती सुटल्याचा आवाज झाला की मला जाग येते. काढते, धुते, वाटीत ठेवते. वरची सैल वाटली तर तीही काढते. आणि पहाटे तुमच्या उशीशी ठेवून खाली चहाला जाते."

मौनीबाबा स्टुलावर बसले. सकाळी कवळी उशीपाशी सापडायची ती नुकतीच पडली असेल, असं ते इतके दिवस समजत होते. बायको खाली आहे, तिनं पाहिलं नाही, या समाधानात ती घाईघाईनं तोंडात बसवायचे. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटायचं. आता त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, आणि लाज निस्तरायला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते चिडले.

"मग बोलली का नाहीस? चार वर्षं!"

"तुम्हाला लपवायचं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, लपवू देत."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मौनीबाबांचा राग जसा आला तसाच ओसरला, कारण त्याला धरून ठेवायला काही सापडेना. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "कसं दिसतं?"

"काय?"

"तोंड."

काकूंनी कापड पुन्हा यंत्रात घातलं. "झोपलेल्या माणसाचं दिसतं तसं. वर घोरतंही." मग दांडा दाबत म्हणाल्या, "माणूस तोच असतो. मला काय, दिव्याच्या उजेडात एवढा श्वास चालू दिसला की झालं."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंकडे गेले. "टिचबटणाचे," मौनीबाबांनी दारातूनच सांगितलं. डॉक्टरबाईंनी एकदा काकूंकडे पाहून घेतलं. काकू छताकडे बघत होत्या.

पुढचं सगळं रीतसर पार पडलं. स्क्रू बसवले त्या दिवशी मौनीबाबांचा गाल बटाट्यासारखा सुजला आणि त्यांनी बर्फ लावून घेत दुकानाच्या पायरीवर बसून लोकांना तो दाखवला. मग हाड स्क्रूंना धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं. तेवढे दिवस जुनीच कवळी, आतून मऊ अस्तर लावलेली. ती काढून झोपायला आता लपवाछपवीची गरज नव्हती, पण मौनीबाबांची सवय आणि भीड सुटायला वेळ लागत होता. कधी काढायचे, कधी नाही, आणि न काढता झोपले की रात्री पुन्हा तेच. हॉटेलच्या बाकावर निळी कव्हरं चढली. खिळ्यांसाठी काकूंनी कापडाची एक मनगटपट्टी शिवली आणि तिच्यात चुंबक घातलं. ओठांइतकी चलाखी तिच्यात नव्हती, पण निम्म्यानं मंदावलेलं काम बरंचसं रुळावर आलं.

नवे दात बसले त्या दिवशी मौनीबाबांनी दवाखान्यातच सफरचंद मागितलं. डॉक्टरबाई नको नको म्हणत असताना त्याचा एक लचका तोडला आणि तोंड उघडून हसले, खऱ्या अर्थानं, आवाज करून. काकू दाराशी उभ्या होत्या. नवऱ्याचं ते हसणं ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी डॉक्टरबाईंचे दोन्ही हात धरले. रात्री जेवण झाल्यावर मौनीबाबा न्हाणीघरात गेले आणि त्यांनी कडी लावली नाही. दोन अंगठे लावून टच् टच् करत वरचे-खालचे दात काढले, घासले, पाण्याच्या वाटीत ठेवले आणि तसेच, गाल बसलेल्या तोंडानं, खोलीत आले. काकू अंथरूण घालत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची उशी आज इकडे घालू का, वारा येतो." एवढंच.

सकाळी मौनीबाबांना जाग आली ती कसल्याशा शांततेनं. खालून भांड्यांचा आवाज नव्हता, चहाचा वास नव्हता. काकू अजून झोपलेल्याच होत्या. मौनीबाबा दचकून उठून बसले. या बाई आजवर उजाडल्यावर अंथरुणात कधी दिसल्याच नव्हत्या. त्यांनी वाकून पाहिलं. काकू गाढ झोपल्या होत्या, हात गालाखाली, तोंड अर्धवट उघडं, श्वास संथ चाललेला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मौनीबाबांनी रोजच पाहिली होती, पण वयानं आली असतील असं समजून सोडून दिलं होतं.

तेव्हा कुठे त्यांना नीट उमगलं. आपण आपलं तोंड झाकून बसलो, आणि तेवढ्यासाठी ही बाई चार वर्षं एक कान उघडा ठेवून झोपली. कालच्या रात्री ऐकायला काही नव्हतं, म्हणून ती झोपली. मौनीबाबांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, कारण बघायला कोणी जागं नव्हतं.

मग ते हळूच उठले. वाटी उचलली. दात बसवताना टच् असा आवाज होतो आणि लहानशा खोलीत तो चांगलाच मोठा वाटतो, म्हणून वाटी घेऊन ते जिना उतरून दुकानात आले, पार पुढे, आणि तिथे तोंडावर हात धरून त्यांनी ते बसवले. शटर खडखडायचं, म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून वीत वीत वर केलं. हातोडी घेतली आणि पुन्हा जागेवर ठेवून दिली. नव्या गादीच्या कापडावर खडूनं मापं आखायचं काम पडलंच होतं, ते घेऊन बसले.

थोड्या वेळानं एक बाई सोफ्याची जुनी कव्हरं पिशवीत घालून आली आणि पडद्याच्या दिशेनं नेहमीसारखी मोठ्यानं म्हणाली, "काकू, अहो काकू! आहात का?"

मौनीबाबा लगबगीनं उठून दारापर्यंत आले.

"झोपल्यात," ते म्हणाले.

"अगंबाई! या वेळेला? बऱ्या आहेत ना?"

"छान आहेत. पिशवी द्या माझ्याकडे, काय करायचंय ते मला सांगा," मौनीबाबा म्हणाले. "फक्त जरा हळू बोला."